सांडव्यावरचा एक हात : आमच्या ग्रामपंचायतीला खुले पत्र

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य व ग्रामसेवक

विषय : वरच्या वाडीचे तळे, त्याचा मातीचा बांध आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, आत उरकायची कामे.

स.न.वि.वि.

सरपंचताई, या विषयावर मी आजवर तीन अर्ज दिले. तिन्हींवर आवक शिक्का आहे, पोच माझ्या ट्रंकेत आहे. पहिल्याला उत्तरच आले नाही. दुसऱ्याला ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी नोंद घेतली’ असे आले. तिसऱ्यानंतर उत्तर आले ते नोटिशीचे : मासेमारीच्या ठेक्याची जाळी कापून नुकसान केल्याबद्दल मी भरपाई का देऊ नये, याचा खुलासा करा. तो खुलासा मी इथेच, सगळ्या गावासमोर करतो. एक मेच्या ग्रामसभेला चाकरमानीही आलेले असतील, त्यांनीही तो वाचावा.

आधी एक सांगतो. मी तळ्याच्या विरोधात नाही. आपला सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला तेव्हा आपल्या गावाला त्याचे काय, असे आम्हीच पारावर बसून म्हणत होतो. आज मे महिन्यात तळ्यावर चार होड्या फिरतात, पाच मुलांना रोजगार आहे, कोकम सरबताचे दोन स्टॉल चालतात. त्यातला एक माझ्या पुतण्याचा. हे बंद पडावे असे मला का वाटेल?

पण ज्याला आपण ‘लेक’ म्हणतो आणि ज्याच्या माथ्यावर लाल अक्षरांत ‘आय लव्ह’ लिहून पुढे गावाचे नाव टाकले आहे, ते मुळात मातीचे धरण आहे. रोजगार हमीवर बांधले. ताई, तुमचे सासरे आणि मी एकाच मुकादमाच्या हाताखाली होतो. मातीचा थर टाकायचा, पाणी मारायचे, रूळ फिरवायचा, की पुढचा थर. रूळ फिरण्याआधी कोणी घमेले ओतले तर मुकादम ती माती परत उचलायला लावायचा. आम्ही त्याला शिव्या घालायचो. पुढे मी पाटबंधाऱ्यात स्थापत्य अभियांत्रिकी सहायक म्हणून लागलो आणि इतर जिल्ह्यांत अशाच बांधांवर टेप आणि लेव्हल घेऊन नोकरी काढली, तेव्हा त्या मुकादमाची आठवण रोज यायची. बांध आजवर टिकला आहे तो त्या थरांवर.

बांध नऊ मीटर उंच, एकशे तीस मीटर लांब. पाण्याखाली पाच एकर जमीन. भरल्यावर साधारण ६० हजार घनमीटर, म्हणजे सहा कोटी लिटर पाणी. उन्हाळ्यात आपल्याकडे येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा, तसे सहा हजार टँकर. आणि हे सगळे आमच्या वाडीच्या डोक्यावर. खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही अंगांना चौदा घरे, एक अंगणवाडी, नवीन झालेला होमस्टे आणि रस्त्याची मोरी. मोरीतून पावसाळ्यात एरवीही पाणी मावत नाही.

आता गेल्या जुलैतल्या त्या रात्रीचे सांगतो.

संध्याकाळपासून पाऊस एका सुरात पडत होता. वीज गेलेली, मोबाइलला रेंज नव्हती. दहाच्या सुमारास शेजारचा मुलगा बॅटरी घेऊन दारात आला. “काका, व्हाळाचो आवाज बदललो.” खरेच बदलला होता. रोज घरघर असते, ती कमी झाली होती. पाऊस वाढतोय आणि व्हाळ गप्प, याचा अर्थ पाणी वर कुठेतरी अडते आहे. आम्ही इरली डोक्यावर घेऊन वर गेलो. सांडवा म्हणजे तळे भरल्यावर जादा पाणी बाहेर जायची वाट. तिथून मासे जाऊ नयेत म्हणून ठेकेदाराने नायलॉनची जाळी आडवी ताणली होती. तिच्यात सगळा पातेरा, अकेशियाच्या काटक्या, प्लास्टिकच्या प्लेटा आणि एक अख्खी केळ अडकून बसली होती. जाळी उरली नव्हती, भिंत झाली होती. तिच्या वरून पाणी जेमतेम ओघळत होते आणि इकडे तळे चढत होते. बांधाच्या मध्यावर, जिथून होड्यांचा ट्रेलर खाली नेण्यासाठी माथा थोडा कापला आहे, तिथे पाणी आणि माथा यांत मी वीत घातली. वीतभर जागा शिल्लक होती. शेजारचा मुलगा म्हणाला, “काका, आज पाणी बांधावरसून जातला.” मी त्याच्या कमरेला दोरी बांधली, दुसरे टोक सुरूच्या झाडाला गुंडाळले, आणि त्याने कोयत्याने जाळी कापली. पहिला घाव बसताच सगळा पातेरा एकदम सुटला आणि त्याचा पाय निसटला. दोरी नसती तर आज मी तुम्हाला वेगळे पत्र लिहीत असतो.

पाऊण तासात तळे हातभर उतरले. जाळी कापली ती अशी. भरपाई किती ते कळवा.

मातीच्या बांधावरून पाणी गेले की काय होते, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सिमेंटच्या बंधाऱ्यावरून पाणी जाते, आपण खाली उभे राहून फोटो काढतो. मातीचे तसे नाही. पाणी मागच्या उतारावरून धावत पायथ्याशी पोचते तेव्हा त्याला वेग आलेला असतो. ते आधी गवत उपटते, मग पायथ्याची माती खाते, आणि खात खात वर सरकते. शेताची मेर, म्हणजे वाफ्याचा बांध, फुटते तशीच. वरच्या कोपऱ्यातून बोटाएवढी धार येते आणि चहा पिऊन परत येईपर्यंत तिथे बैल जाईल एवढे खिंडार पडलेले असते. मेर हातभर उंच असते, हा बांध नऊ मीटर आहे, एवढाच फरक.

म्हणून मातीच्या धरणाला सांडवा लागतो. तो हव्या त्या पातळीवर बांधायचा नसतो. वरचा डोंगर, पडणारा पाऊस, येणारा लोंढा यांचा हिशेब करून त्याची रुंदी आणि खोली ठरते. आपला सांडवा आठ मीटर रुंद आहे. मूळ बांधला तेव्हा त्याचा उंबरा बांधाच्या माथ्यापासून १.८ मीटर खाली होता. हे मला कागदावरून कळले नाही. बाजूच्या भिंतीत तेव्हाचा घडीव दगड अजून आहे, त्यावरून मोजले.

होड्या सुरू झाल्या तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये पाणी कमी पडू लागले. म्हणून पावसाळा संपताना सांडव्यावर लाकडी फळ्या लावायच्या आणि मेअखेर काढायच्या, असे ठरले. त्याला माझी हरकत नव्हती. फळ्या लावायला सगळे आठवणीने यायचे, काढायच्या वेळी कोणाला सवड नसायची. दोन वर्षांपूर्वी तो घोळच मिटवला : फळ्यांच्या जागी चिरे लावून वर सिमेंट केले. उंची बरोबर ४५ सेंटिमीटर, म्हणजे एक हात.

गेल्या दिवाळीत मी आणि पुतण्याने माथा मोजला. यंत्र नव्हते. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, तिच्यात पाणी भरले, आणि सांडव्याच्या नव्या उंबऱ्यापासून दर दहा मीटरवर पातळी घेत गेलो. पुतण्या एका टोकाला नळी धरून ओरडायचा, मी दुसऱ्या टोकाला खडूने खूण करायचो. पर्यटकांना वाटले आम्ही मंडप घालतोय. दोन्ही टोकांना माथा मूळ उंचीला आहे. मध्यावर, त्या ट्रेलरच्या वाटेवर, तो ३५ सेंटिमीटर खाली आहे. थोडा कापला म्हणून, थोडा चाकांनी दबला म्हणून.

आता वजाबाकी करा. १.८ मीटरमधून ४५ सेंटिमीटर चिऱ्यांचे गेले, ३५ सेंटिमीटर वाटेचे गेले. उरला बरोबर एक मीटर.

आठ मीटर रुंद सांडव्यातून १.८ मीटर खोलीने पाणी गेले तर सेकंदाला सुमारे ३३ घनमीटर जाते. एक मीटर खोलीने गेले तर साडेतेरा. खोली निम्म्याहून थोडी जास्त उरली, पण पाणी निम्म्याहून बरेच कमी झाले. सांडव्याचे गणित असेच असते. वरचा एकेक हात खालच्या दोन हातांएवढा कामाचा असतो, आणि आपण नेमका तोच बुजवला.

वरून किती पाणी येईल? तळ्याच्या डोक्यावरचा डोंगर साधारण ८० हेक्टर. तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला की हवामान खाते त्याला ढगफुटी म्हणते. ८० हेक्टरवर १०० मिलिमीटर म्हणजे ८० हजार घनमीटर पाणी. सगळे तळेच ६० हजारांचे आहे. जुलैत डोंगर भिजून टम्म असतो, जिरायला जागा नसते. पाचातले चार भाग वाहून आले असे धरले तरी तासाभराची सरासरी सेकंदाला जवळजवळ १८ घनमीटर होते. जायची वाट साडेतेराची, तीही जाळी नसेल तर. भरलेले तळे थोडा लोंढा स्वतःच्या पोटात घेते, हे मलाही माहीत आहे. तो हिशेब अभियंत्याने नीट बसून करावा, त्यासाठीच तर मी अर्ज देतो आहे. ज्यांना १०० मिलिमीटर जास्त वाटतात त्यांनी २६ जुलै २००५ आठवावा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. कोकण किनाऱ्याला असा पाऊस नवा नाही. चिपळूण आणि महाडने जुलै २०२१ मध्ये काय भोगले ते आपण टीव्हीवर पाहिले. आपल्या गावातल्या दोन मुली तिकडे दिलेल्या आहेत, त्यांच्या तोंडून ऐकलेही.

तुमच्यापैकी एक सदस्य मला म्हणाले, “काका, कायद्याने काय करायचे असेल ते सरकार करील.” म्हणून कायदाही सांगतो. २०२१ चा धरण सुरक्षा अधिनियम आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, सुरक्षा कक्ष, आपत्कालीन आराखडा, सगळे त्यात आहे. पण तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटरमधल्यांना लागायचा तर लांबी, साठा किंवा पूर यांच्या मोठ्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. आपला बांध नऊ मीटरचा. त्या कायद्याच्या हिशेबी आपल्या डोक्यावर धरण नाहीच. शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारी लहान तळी जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधाऱ्याकडे असतात. तिथे विचारले तर म्हणतात, या तळ्याचे सिंचन कधीच बंद पडले, आता ते पर्यटनाचे आहे, पंचायतीला विचारा. पंचायतीत विचारले तर होड्यांचा ठेका आमचा, बांध त्यांचा. म्हणजे तिकिटाला मालक आहे, गळतीला नाही.

आणि गळती आहे. बांधाच्या मागच्या पायथ्याला, विमोचकाचा, म्हणजे तळ्यातले पाणी खालून सोडायचा, पाइप जिथे बाहेर येतो त्याच्या उजव्या अंगाला, बारमाही ओल असते. आमची आजी त्याला म्हणायची, “बांध रडता हा. पण साफ रडता हा, तवसर भिया नुको.” शाळेची पायरी न चढलेल्या बाईने जे सांगितले ते मला पुढे खात्यातल्या प्रशिक्षणात इंग्रजीतून शिकवले. मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपणारच. ते स्वच्छ असेल तर माती जागेवर आहे. गढूळ झाले की समजायचे, पाणी आतून माती घेऊन निघाले आहे. आत बोटभर नळी तयार होते, ती मागे मागे तळ्याच्या दिशेने वाढत जाते, आणि एक दिवस तळ्याला जाऊन मिळते. मग वेळ मिळत नाही.

जांभ्याच्या मुलखात ही भीती जास्त. वर चिरा कडक असतो, खाली पांढुरकी, शेंदरी, हातात साबणासारखी लागणारी मऊ माती असते. विहीर खणणारा कोणीही सांगेल. पाणी चिऱ्याच्या भोकांतून उतरते आणि त्या मऊ थरातून वाट काढते. घाटावरच्या बांधांना काळ्या मातीचा गाभा मिळतो, आपल्याला तो कधीच मिळाला नाही. आपण आपल्याच मातीने बांधले, म्हणून आपल्याला जास्त वेळा वाकून बघावे लागते.

मी सहा वर्षे बघतो आहे. पायथ्याच्या चरात एक पन्हळ बसवली आहे, तिच्याखाली पंधरा लिटरचा तेलाचा पत्र्याचा डबा धरायचा आणि घड्याळ लावायचे. दर वर्षी नोव्हेंबरमध्ये, आठवडाभर पाऊस नसताना, तळ्याची पातळी त्याच खुणेवर असताना. पहिल्या वर्षी डबा ७० सेकंदांत भरला. गेल्या नोव्हेंबरात ५० सेकंदांत. पाणी अजून स्वच्छ आहे. पण तेवढ्याच पातळीला जास्त पाणी येऊ लागले, तर आत काहीतरी बदलले आहे. हे सांगायला अभियंता लागत नाही, डबा पुरतो.

काय बदलले असेल? मला तीन जागांचा संशय आहे. पहिला त्या पाइपचा. लोखंडी पाइपच्या बाजूची माती कधीच तितकी घट्ट बसत नाही, पाणी पाइप धरून चालते. शिवाय विमोचकाची झडप गंजून अर्धी उघडी, अर्धी बंद अशी अडकली आहे. उद्या वेळ आली आणि तळे उतरवायचे म्हटले तर आपल्या हातात साधन नाही. पानशेत आठवते ना? १२ जुलै १९६१. तेही मातीचे धरण. विमोचकाचे काम अपुरे, दारे धड बसलेली नाहीत आणि पावसाळा डोक्यावर आला. भराव खचत गेला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, सकाळी धरण गेले आणि त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासलाही गेले. आपले तळे म्हणजे पानशेत नव्हे, ठाऊक आहे. पण तळ्यातले पाणी हवे तेव्हा सोडता येत नाही ही अडचण तीच.

दुसरा संशय झाडांचा. सावली हवी म्हणून बांधाच्या उतारावर अकेशिया आणि गुलमोहर लावले. वृक्षारोपणाच्या दिवशी मीही फोटोत आहे, हसतोय. तेव्हा बोलायला हवे होते. झाड जिवंत असते तोवर मुळे ओली, भरलेली. झाड वादळात पडले किंवा वाळले की मुळे कुजतात आणि मातीत पोकळ नळ्या उरतात. माथ्यावरच्या त्या लाल अक्षरांसाठीही दोन-दोन फूट खड्डे खणले आहेत. अक्षरे मला आवडत नाहीत हे खरे, पण मुद्दा खड्ड्यांचा आहे. ती अक्षरे पाच पावलांवर रस्त्याकडेला उभी करा, फोटोत तळे तितकेच दिसते.

तिसरा संशय बिळांचा. साळिंदर, घुशी आणि कुर्ल्या. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवऱ्याचे धरण फुटले, भेंदवाडी वाहून गेली, वीसेक माणसे गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या होत्या. मग तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरले. सगळा महाराष्ट्र हसला. मीही हसलो, पण मला राग दुसराच आला. कुर्ल्या बिळे करतात हे कोकणातल्या शेतकऱ्याला सांगायला मंत्री कशाला हवेत? आपला बाप-आजा पावसाळाभर सकाळी खोरे खांद्यावर टाकून प्रत्येक मेरेवरून का चालायचा? बीळ दिसले की टाचेने दाबायचा, चिखलाचा गोळा बसवायचा आणि पुढे. कुर्ली काल होती, उद्याही असेल. तो मेरेवरून चालणारा माणूस राहिला नाही.

मला सगळ्यात जास्त तो माणूस हवा आहे. बाकीच्या मागण्यांना पैसा लागतो, याला फार लागत नाही. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रोज सकाळी, आणि मोठा पाऊस असेल तेव्हा रात्रीही, बांधाच्या माथ्यावरून आणि पायथ्यावरून चालणारा एक माणूस. हातात वही. तळ्याची पातळी, डब्याचे सेकंद, पाण्याचा रंग, नवीन बीळ, नवीन भेग, सांडव्यात काय अडकले. तिकिटाच्या उत्पन्नातून त्याला मानधन द्या. होडीवरच्या पाच मुलांना पावसाळ्यात काम नसते, त्यांच्यातलेच दोघे घ्या, मी शिकवतो. मला मानधन नको. गुडघे आता रोज चढू देत नाहीत, नाहीतर हे पत्र लिहिण्याऐवजी मीच गेलो असतो.

पुढचे मृगाच्या आत व्हायला हवे. सांडव्यावरचा तो एक हात फोडून मूळ उंबरा मोकळा करा. दोन गवंडी आणि एक दिवस. दिवाळीनंतर पाहिजे तर फळ्या लावा, पण काढता येतील अशा, आणि त्या काढण्याची तारीख ठरावात लिहा. जाळी सांडव्यावर नको. मासे धरायचेच असतील तर आत, तळ्यात, दहा मीटरवर तिरकी लावा. ट्रेलरची वाट बंद करून मध्यावर मुरूम थरांनी भरा, पाणी मारून, रूळ फिरवून. मुकादम गेला, पण रीत तीच. झडप दुरुस्त होईपर्यंत तळे सायफनने उतरवता येईल इतके पाइप पंचायतीने आणून ठेवावेत. बागायतवाल्यांकडे ते असतातच, भाड्यानेही मिळतील. झाडे मात्र आत्ता घाईने तोडू नका. मोठे झाड तोडून बुंधा तसाच ठेवला तर तो कुजून आणखी घोळ. बुंधे काढून खड्डे थरांनी भरायचे ते काम पाऊस संपल्यावर, जाणत्याच्या देखरेखीत. आणि लघुपाटबंधाऱ्याकडे ग्रामसभेचा ठराव पाठवून तपासणी मागा. एकट्या म्हाताऱ्याचा अर्ज बाजूला ठेवता येतो, ठराव ठेवता येत नाही.

वाडीसाठी एकच मागणी. रात्री रेंज नसते, वीज नसते, त्यामुळे फोनाफोनीचा आराखडा कागदावरच राहील. देवळातली मोठी घंटा आणि शिमग्याचा ढोल, हे दोन आवाज व्हाळाच्या पलीकडेही ऐकू येतात. अवेळी दोन्ही एकदम वाजले तर अंगणवाडीकडे न जाता शाळेच्या सड्यावर चढायचे, एवढे आमच्या चौदा घरांतल्या पोरांनाही पाठ असले पाहिजे. गेल्या वर्षी ते ठरलेले असते, तर त्या रात्री एकाला दोरीवर आणि दुसऱ्याला घंटेवर पाठवता आले असते.

पर्यटकांचेही दोन शब्द. जुलैत लोक भुशीला बसतात तसे आपल्या सांडव्याच्या पायऱ्यांत येऊन बसतात. ३० जून २०२४ ला त्याच भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसे काही मिनिटांत गेली. वर पाऊस वाढला की खाली बसलेल्याला कळत नाही. आपण सांडवा मोकळा केल्यावर तिथून पाणी अधिक जोराने जाईल, ते जायलाच हवे, म्हणून पावसाळ्यात तिथे साखळी लावा. दगडी अस्तरावर शेवाळ असते, तिथे दोर बांधलेल्या चार ट्यूब टांगा. लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत, पण त्यांतल्या सहांचे बक्कल तुटलेले आहेत. मी मोजले.

कोणी म्हणेल, म्हातारा घाबरवतो, मातीचे धरण म्हणजे कच्चेच असायचे. त्यांनी एक दिवस धामापूरला जाऊन यावे. १५३० साली बांधलेले तळे, बांध मातीचाच. पाचशे वर्षे व्हायला आली, बाजूला भगवतीचे देऊळ, तळ्यात आजही पाणी. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. तिथेही लोक फिरायला जातात.

वही मी आणून ठेवली आहे. दोनशे पानी, शाळेच्या मापाची. पंचायतीने तिच्यावर शिक्का मारून द्यावा. पहिले पान असे :

१२ एप्रिल. सकाळी सात. पाणी मूळ उंबऱ्याच्या १ मीटर १० खाली. पायथ्याची ओल पाइपच्या उजवीकडे, काल होती तेवढीच. पाझर स्वच्छ. डबा ३ मिनिटे १० सेकंद. माथ्यावर मध्यापासून डावीकडे बारा पावलांवर साळिंदराचे नवे बीळ, हात कोपरापर्यंत जातो. बुजवलेले नाही. खुणेला काठी रोवली आहे, वर लाल फडके.

आपला,
बांधाखालच्या वाडीतला एक रहिवासी